म्हातारपणची कोडी : बुद्धीचा व्यायाम किती खरा?

उतारवयात शब्दकोडी, आकड्यांची कोडी आणि प्रश्नमंजूषा सोडवीत राहिले की मेंदू तल्लख राहतो व स्मृतिभ्रंशाचा रोग जवळ येत नाही, अशी समजूत आपल्या शहरांतून आता चांगलीच रुजली आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकीत प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम होतो. वर्तमानपत्रातील कोडे सुटल्याखेरीज सकाळचा दुसरा चहा न घेणारे गृहस्थ आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांत अलीकडे भर पडली आहे ती मोबाइलवर वर्गणी भरून घ्यावयाच्या खेळांची. या समजुतीत खरे किती आणि दुकानदारी किती, याचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही वैद्य नव्हे, आणि मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि शिक्षण जे झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही या विषयात आम्ही डोके घातले याला कारण आहे. निवृत्त कामगार संघटनेच्या कचेरीत येतो तो बहुधा भविष्यनिर्वाह निधीचे किंवा निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन. हल्ली कागदांचे काम आटोपले की तो हळूच विचारतो, "भाऊ, मेंदूसाठी म्हणून एक खेळ निघाला आहे, तो घ्यावा का?" या माणसाच्या खिशाची कल्पना असावी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान वेतन ठरले ते दरमहा १,००० रुपये. एवढ्या मिळकतीतून जो वर्गणी काढू पाहतो त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे. बोनसच्या वाटाघाटीला बसण्यापूर्वी मालकाचा ताळेबंद जसा ओळ न् ओळ वाचावा लागतो, तसाच या खेळांचा ताळेबंदही वाचला पाहिजे.

तीन वेगळे दावे

या विषयातील निम्मा गोंधळ होतो तो तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे. पहिली गोष्ट अशी की, खेळ खेळल्याने माणूस त्या खेळात तरबेज होतो. दुसरी अशी की, त्या खेळामुळे त्याची बाकीची बौद्धिक कामेही सुधारतात. बाजाराची यादी लक्षात राहते, हिशेब चटकन होतो. तिसरी अशी की, खेळामुळे स्मृतिभ्रंश टळतो किंवा लांबतो. पहिली गोष्ट खरी ठरली म्हणून दुसरी खरी ठरत नाही, आणि दुसरीवरून तिसरी सिद्ध होत नाही. जाहिरात मात्र पहिलीचा पुरावा दाखवून तिसरीचे पैसे घेते.

पहिल्या गोष्टीविषयी वादच नाही. अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्यावर झालेला प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. एकामागून एक अंक वाचून दाखवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने म्हणायचे. सर्वसाधारण माणसाला सात-आठ अंक साधतात. याचीही सुरुवात तेवढ्यावरच झाली. सुमारे वीस महिन्यांत २३० तास सराव केल्यावर तो ७९ अंकांपर्यंत पोहोचला. स्मरणशक्ती दसपट झाली असे कोणीही म्हणेल. मग त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा गाडी पुन्हा सहा अक्षरांपाशी अडली! उलगडा सोपा होता. तो विद्यार्थी पळण्याच्या शर्यतींचा शौकीन होता. ऐकलेल्या अंकांचे तीन-तीन चार-चारांचे गट पाडून त्यांना तो शर्यतीच्या वेळांची रूपे देत असे. त्याला एक युक्ती उत्तम साधली होती. ती अंकांना चालली, अक्षरांना चालली नाही.

थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ सालीच हे तत्त्व मांडले होते. एका कामाचा सराव दुसऱ्या कामाला उपयोगी पडतो तो त्या दोन कामांत जेवढा अंश समान असेल तेवढाच, असे त्यांचे म्हणणे. कामगाराला हे सांगावे लागत नाही. साच्यावर तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा साचेवाला लेथवर उभा राहिला की पुन्हा उमेदवारच असतो. बोटे तीच, डोके तेच. पण कसब त्या त्या कामाचे असते.

याहून बोलके उदाहरण लंडनच्या टॅक्सीवाल्यांचे आहे. तेथे परवाना मिळवायचा तर चेअरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांतील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात, आणि त्याला तीन-चार वर्षे लागतात. लंडनच्याच संशोधकांनी अशा ७९ उमेदवारांचे मेंदू शिक्षणापूर्वी आणि त्यांतल्या बहुतेकांचे शिक्षणानंतरही तपासले. त्यांतले ३९ उत्तीर्ण झाले. उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूत, जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याशी ज्याचा संबंध आहे त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाची वाढ झालेली आढळली, नापासांच्या नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने प्रौढपणी मेंदू बदलत नाही ही जुनी समजूत मोडीत निघाली. परंतु याच उत्तीर्णांना एक अपरिचित गुंतागुंतीची आकृती आठवून काढायला सांगितली, तेव्हा ते इतरांपेक्षा मागे पडले. म्हणजे मेंदू घडतो हे खरे, पण ज्या कामासाठी घडवावा त्या कामासाठी घडतो.

मुद्दल आणि उलाढाल

आता म्हातारपणी बुद्धीचे काय होते ते पाहू. बुद्धीचे दोन हिस्से कल्पावे. एक हिस्सा साठलेल्या मुद्दलाचा : शब्द, म्हणी, माणसांची पारख, व्यवहाराचे ज्ञान. दुसरा रोजच्या उलाढालीचा : नवी गोष्ट चटकन समजणे, एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणे, दोन्ही बाजूंनी येणारी वाहने क्षणात टिपणे. उलाढालीचा वेग तारुण्य ओसरू लागल्यापासूनच हळूहळू मंदावतो. मुद्दल मात्र साठीपर्यंत वाढतही राहते आणि निरोगी माणसात पुढेही बराच काळ टिकते.

सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा तपासते ती मुख्यतः मुद्दल. गिरणी कामगारांचा मोठा संप कोणत्या वर्षी झाला, या प्रश्नाला ऐंशी वर्षांचे आजोबा १९८२ असे ताडकन सांगतील आणि नातू गप्प बसेल. त्यावरून आजोबांचा मेंदू नातवाहून तरुण ठरत नाही. त्यांनी तो काळ पाहिलेला असतो. तसेच एखाद्या बैठकीत चार उत्तरे चुकली म्हणून आपल्याला रोग जडला, असे मानून रात्रीची झोप घालविण्याचेही कारण नाही. प्रश्नमंजूषा हा करमणुकीचा प्रकार आहे, रोगाची तपासणी नव्हे.

काळजीची लक्षणे निराळी. सिनेनटाचे नाव न आठवणे ही साधी गोष्ट आहे. परंतु तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, रोजच्या वाटेवर चुकणे, आयुष्यभर घरखर्च चालविणाऱ्या बाईला पैशांचा मेळ न लागणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे. ब १२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार किंवा मनाची खिन्नता यांमुळेही स्मरण बिघडते, आणि यांवर उपाय आहेत. अशा वेळी घरात बसून कोडी सोडविणे म्हणजे उपचाराचे दिवस वाया घालविणे होय.

मोठ्या प्रयोगांची साक्ष

तिसऱ्या दाव्याची कसून परीक्षा घेण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९९८ पासून सुरू झालेल्या 'ॲक्टिव्ह' नावाच्या या प्रयोगात ६५ ते ९४ वयाचे सुमारे २,८०० स्त्रीपुरुष होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एकाला याद्या व गोष्टी लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकविल्या. दुसऱ्याला अक्षरांच्या व अंकांच्या मालिकेतील नियम शोधायला शिकविले. तिसऱ्याला दृष्टीच्या चपळाईचा सराव दिला : संगणकाच्या पडद्यावर मध्यभागी मोटार किंवा ट्रक क्षणभर चमके, त्याच वेळी कडेला दुसरे वाहन दिसे, आणि दोन्ही ओळखावी लागत. बरोबर आले की चित्र दिसण्याचा काळ आणखी कमी होई. चौथ्या गटाला काहीच शिकविले नाही. शिकवणी होती सुमारे तासाभराच्या दहा बैठकींची. काहींना पुढे उजळणी मिळाली.

२००२ साली निकाल आले. शिकवणी संपताच चपळाईच्या गटातील ८७ टक्के, तर्काच्या गटातील ७४ टक्के आणि स्मरणाच्या गटातील २६ टक्के लोक आपापल्या विषयात सुधारलेले दिसले. परंतु स्मरणाचा सराव केलेल्यांचा तर्क सुधारला नाही, आणि तर्कवाल्यांची चपळाई वाढली नाही. १९०१ सालचा सिद्धान्त शंभर वर्षांनी पुन्हा खरा ठरला. दहा वर्षांनंतरच्या तपासणीत तर्क आणि चपळाई यांचा लाभ शिल्लक होता, स्मरणाचा उरला नव्हता. तिन्ही गटांतील लोक दैनंदिन कामे आपल्याला कमी अवघड जातात असे स्वतः सांगत होते. प्रत्यक्ष कामे करवून पाहिली तेव्हा मात्र फरक दिसला नाही.

२०१७ साली याच प्रयोगातून आणखी एक निष्कर्ष निघाला. दहा वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण चपळाईच्या गटात चौथ्या गटाहून २९ टक्क्यांनी कमी आढळले. बाकी दोन गटांत असा फरक नव्हता. ही बातमी आशादायक आहे, ती झाकून ठेवू नये. मात्र तीसोबत दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. येथे रोगाचे निदान प्रत्येकाला डॉक्टरांनी तपासून केलेले नव्हते. चाचण्यांचे गुण व मुलाखती यांवरून ठरविलेले होते. आणि लाभ दिसला तो एका विशिष्ट, क्रमाने कठीण होत जाणाऱ्या दृष्टीच्या सरावाचा. त्याच्या पुण्याईवर बाजारातील प्रत्येक कोडे तरून जाऊ शकत नाही.

इतर साक्षीही ऐकू. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. खेळांत सारे सुधारले. खेळांबाहेरच्या चाचण्यांत खेळांमुळे सुधारणा झाल्याचे दिसले नाही. हे लोक साठीच्या आतले होते, हे लक्षात ठेवावे. २०२२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक प्रयोग शब्दकोड्यांच्या भक्तांना आवडेल. ज्यांचे स्मरण थोडे ढासळू लागले होते अशा १०७ लोकांपैकी काहींना संगणकावरील मेंदूचे खेळ आणि काहींना संगणकावरच शब्दकोडी दिली. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडीवाले किंचित सरस ठरले. परंतु काहीच न सोडविणारा तिसरा गट या प्रयोगात नव्हता, म्हणून त्यावरून फार मोठा महाल उभारता येत नाही.

कोणी म्हणेल, कोडी सोडविणारे म्हातारे ताजेतवाने असतात हे आम्ही डोळ्यांनी पाहतो, त्याचे काय? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात, २००३ साली, हेच दिसून आले : वाचन करणाऱ्यांत, बैठे खेळ खेळणाऱ्यांत, वाद्य वाजविणाऱ्यांत आणि नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी होता. पण कारण कोणते आणि परिणाम कोणता? हा रोग उघड होण्यापूर्वी कित्येक वर्षे मेंदूत पाय पसरत असतो. ज्याला तो आतून पोखरू लागला तो माणूस पत्ते आणि कोडी आधीच सोडून देतो. मग कोडी सोडल्याने रोग झाला, की रोग सुरू झाल्याने कोडी सुटली? अशा अभ्यासाने याचा निवाडा पूर्णपणे होऊ शकत नाही, आणि म्हणूनच चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याचे महत्त्व.

दुकानदारीचा हिशेब

२०१४ सालच्या ऑक्टोबरात सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी एक पत्रक काढून बजावले की, या खेळांच्या जाहिरातींना शास्त्राचा पुरेसा आधार नाही. दोनच महिन्यांत शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी उत्तर दिले की, सर्वच सराव निरुपयोगी म्हणणे हीही अतिशयोक्ती आहे. शास्त्रात असा वाद चालणे हे प्रकृतीचे लक्षण. बाजारात मात्र वाद थांबण्याची वाट कोण पाहतो? २०१६ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'ल्युमॉसिटी' हा खेळ विकणाऱ्या कंपनीवर फसव्या जाहिरातीचा आरोप ठेवला. वयाने येणारा बुद्धीचा ऱ्हास या खेळाने रोखता येतो असे भासवून कंपनी लोकांच्या भीतीवर धंदा करते, असे कमिशनचे म्हणणे होते. कंपनीने वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले.

आमच्या मते येथे मुख्य मुद्दा भीतीचा आहे. हातपाय थकल्यावर कामगाराजवळ अखेरची पुंजी उरते ती शुद्धीची. आपण मुलांना ओळखेनासे होऊ, ही भीती त्याच्या मनात घर करून बसलेली असते. त्या भीतीचा लिलाव कोणी मांडला तर त्याला जाब विचारलाच पाहिजे.

मग खरे काय उपयोगी पडते?

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग झाला व २०१५ साली त्याचा वृत्तांत आला. तेथे एका गटाला बुद्धीचा सराव दिला; पण त्याच्या जोडीला योग्य आहार, शरीराचा व्यायाम आणि रक्तदाब-साखरेची देखरेखही दिली. दुसऱ्या गटाला नेहमीचा आरोग्यविषयक सल्ला दिला. पहिला गट बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरला. यश एकट्या कोड्याचे नव्हते, चौघांच्या पंगतीचे होते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली, टाळता किंवा कमी करता येतील अशी स्मृतिभ्रंशाची चौदा कारणे सांगितली : लहानपणचे अपुरे शिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, डोक्याला मार, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, स्थूलपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, खिन्नता, एकलकोंडेपणा आणि हवेचे प्रदूषण. ही सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

ही यादी संघटनेच्या माणसाने वाचली की त्याला ती मागण्यांच्या सनदेसारखी दिसते. साचे खात्यात तीस वर्षे ज्याच्या कानांवर साच्यांचा खडखडाट आदळला तो बहिरा झाला तर नवल काय? गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. पण त्यापायी भरपाई मागण्याची वाट किती कामगारांना ठाऊक होती? ऐकू येईनासे झाले की माणूस चारचौघांत बसणे सोडतो, आणि एकलकोंडेपणा हे यादीतील दुसरे कारण त्याला येऊन चिकटते. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना श्रवणयंत्रे किंवा आरोग्यविषयक सल्ला देऊन तीन वर्षे पाहणी झाली. २०२३ सालचा तिचा निकाल असा की, सर्वांचा मिळून फरक पडला नाही. परंतु ज्यांना आधीच धोका अधिक होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. जुन्या साचेवाल्याला वर्गणीच्या खेळाआधी कानांची तपासणी का हवी, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्या देशात ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत अधिक आढळले. ज्या मुलीला सातव्या वर्षी शाळेतून काढून धाकट्या भावंडांना सांभाळायला बसविले, तिचे नुकसान सत्तराव्या वर्षी व्याजासकट वसूल होते. तिच्या हाती इंग्रजी शब्दांचे कोडे देऊन ते भरून निघणार नाही. आज तिच्या नातीची शाळा सुटू न देणे, हा पुढच्या पिढीच्या स्मृतिभ्रंशावरील उपाय आहे.

कोडी कशी खेळावी

इतके सांगूनही आम्ही कोड्यांचे वैरी नाही. खेळावे, अवश्य खेळावे. मात्र आनंदासाठी आणि माणसांच्या संगतीत. त्यासाठी वर्गणीची जरूर नाही. आपल्याकडे भेंड्या आहेत, उखाणे आहेत, कोकणातील हुमाणे आहेत. कलगी-तुऱ्याचे सवालजवाब तर रात्र रात्र चालणारी प्रश्नमंजूषाच. यांतले बरेच काही निरक्षर आजीलाही येते, किंबहुना तिलाच अधिक येते. मंडळाने प्रश्न काढताना तिच्या मुद्दलातले निम्मे काढावेत : पिके, नक्षत्रे, मसाल्यांची प्रमाणे, ओव्या. उत्तर चुकणाऱ्याला हसू नये. ठिकाण चालत येण्याजोगे असावे, आणि बसण्याची रचना अशी की कमी ऐकणाऱ्यालाही बोलणाऱ्याचे तोंड दिसेल.

त्याहून उत्तम म्हणजे काही नवे आणि कष्टाचे शिकणे. अमेरिकेत ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींना गोधडीकाम, काहींना छायाचित्रण आणि काहींना दोन्ही शिकविले. आठवड्याला पंधरा तास, असे तीन महिने. नुसत्या गप्पागोष्टींसाठी जमणाऱ्यांपेक्षा या शिकाऊंचे स्मरण सुधारले. साठीनंतर पेटी शिका, मोडी वाचायला शिका, शेजारच्या कामगाराकडून त्याची भाषा शिका. शिकताना डोके दुखू लागले तर समजावे की काम चालू आहे.

आठवून पाहण्याचा एक लाभ मात्र पक्का आहे. वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिले तर ते अधिक काळ टिकते, असे २००६ साली विद्यार्थ्यांवरील प्रयोगात स्पष्ट झाले. प्रश्नमंजूषेचा खरा उपयोग येथे आहे : जे राखून ठेवायचे तेच विचारावे. औषधांच्या वेळा, नातवंडांचे फोन क्रमांक, बँकेचे व्यवहार यांवर घरातच रोज चार प्रश्न व्हावेत.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा घातली. तिच्या मागे, शाळा सुटली तरी माणसाचे शिकणे सुटू नये हाच विचार आम्हांस दिसतो. वाचकांनी आता हे पुस्तक मिटावे, घरातल्या कोणाला तरी समोर बसवावे आणि या लेखातील तीन गोष्टी आठवून सांगाव्यात. एखादी चुकली तर पान पुन्हा उघडावे. मग रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला होता तेही आठवून पाहावे, आणि आठवत नसेल तर उद्या सकाळी दवाखान्यापर्यंत चालत जावे.